एमआरआयला जाताय? मग हे वाचूनच जा
एमआरआय म्हटलं की लोक रेडिएशनला घाबरतात, पण त्यात एक्स-रे नसतातच, असतो तो प्रचंड ताकदीचा मॅग्नेट, बऱ्याच ठिकाणी १.५ किंवा ३ टेस्लाचा (टेस्ला म्हणजे मॅग्नेटची ताकद मोजायचं एकक), आणि तो स्कॅन नसतानाही चालूच असतो. म्हणून मंगळसूत्र, पिना, मोबाईल, एटीएम कार्ड सगळं बाहेर ठेवा, आणि पेसमेकर, क्लिप, रॉड काहीही शरीरात असेल तर आधीच सांगा, लपवू नका प्लीज. आत ठकठक आवाज खूप येतो, कानाला हेडफोन देतात, हातात बेल असते, घाबरायला झालं तर बिनधास्त दाबा. खरं अवघड म्हणजे अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहणं, हललात की इमेज धूसर. आणि जुने रिपोर्ट, फिल्म नक्की न्या, रेडिओलॉजिस्ट आधीच्याशी ताडून बघतात.