मल्टिप्लाय सावली पारदर्शक पीएनजीत उतरवताना: वाड्यांच्या चित्रमालिकेची प्रगती

पुण्यातील जुन्या वाड्यांची शाईने काढलेली रेखाचित्रे मी गिम्प २.१० या चित्रसंपादन सॉफ्टवेअरमध्ये रंगवत आहे. या टप्प्यात रंगकाम बाजूला ठेवून एकच प्रश्न हाती घेतला. वाड्याचे सगळे लेअर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) एकत्र करून पारदर्शक पीएनजी (पार्श्वभूमी नसलेली चित्रफाइल) काढायची आणि ती कोणत्याही रंगाच्या पानावर ठेवली तरी जमिनीवरची सावली मूळ फाइलमधल्यासारखीच पडली पाहिजे. सावलीचा लेअर मल्टिप्लाय मोडमध्ये आहे, म्हणजे तो खालच्या रंगाला गुणून गडद करतो. खाली अपारदर्शक पार्श्वभूमी असेल तर ‘फ्लॅटन इमेज’ (सगळे लेअर एकात मिसळणे) केल्यावर परिणाम जसाच्या तसा राहतो. खाली काहीच नसेल तर गुणायला रंगच उरत नाही, सावलीचा साधा करडा डाग होतो, आणि मोडची माहिती पीएनजीत साठवता येत नाही.

तोड मल्टिप्लायच्या गणितातच सापडली. खालच्या रंगाचे मूल्य (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) वरच्या मूल्याने गुणून २५५ ने भागले जाते, त्यामुळे १५३ या करड्या सावलीखाली २०० चे १२० होतात. नॉर्मल मोडमधला ४० टक्के अपारदर्शक शुद्ध काळा रंगही २०० चे १२० च करतो. बिनरंगी सावली अशी पूर्णपणे अल्फात, म्हणजे पिक्सेलच्या अपारदर्शकतेत, उतरवता येते. त्यासाठी सावलीखाली पांढरा रंग भरून तो लेअर तिच्यात मिसळला आणि ‘कलर टू अल्फा’मध्ये (निवडलेला रंग पारदर्शक करणारी सोय) पांढरा निवडला. मात्र गिम्प २.१० चे नेहमीचे नॉर्मल आणि मल्टिप्लाय या आकड्यांवर नव्हे, तर रेषीय प्रकाशमूल्यांवर (प्रत्यक्ष उजेडाच्या प्रमाणातल्या आकड्यांवर) चालतात. हा हिशेब जुळण्यासाठी दोन्ही मोड लेगसी (जुन्या पद्धतीच्या) गटातून घ्यावे लागतात.

निळसर सावलीला ही युक्ती लागू पडत नाही, कारण लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनेलना वेगवेगळी अल्फा हवी असते आणि पिक्सेलला मिळते एकच. म्हणून भिंतींवरच्या निळ्या छाया वाड्याच्या अपारदर्शक रंगांवरच मिसळून टाकल्या. वाड्याच्या लेअरांचा ग्रुप ‘पास थ्रू’ (आतले मोड ग्रुपखालच्या लेअरांवरही लागू करणारा) न ठेवता नॉर्मल ठेवला, म्हणजे आतले मोड बाहेर झिरपत नाहीत. जमिनीवरची सावली तेवढी काळी केली. ती किंचित कोरडी दिसते, पण हा सौदा मला मान्य आहे.

पडताळणीसाठी रंगीत पानावर बिनरंगी सावलीची जुनी मल्टिप्लाय आणि नवी अल्फा आवृत्ती एकमेकींवर ठेवून डिफरन्स (दोहोंतला फरक दाखवणारा) मोड लावला. लेव्हल्स ताणून फरक ठळक केल्यावर दिसला तो केवळ आठ बिटांच्या पूर्णांकनामुळे येणारा एका पातळीचा फरक.

ओव्हरले मोडमधला कागदाचा पोत खालच्या रंगाच्या उजेडानुसार वागणे बदलतो, त्यामुळे तो वाड्याच्या हद्दीतच ठेवला आहे. पुढे कंदिलाचा स्क्रीन मोडमधला (मल्टिप्लायच्या उलट, खालचा रंग उजळवणारा) उजेड घ्यायचा आहे. तिथे हीच रीत काळा रंग निवडून चालेल, कारण बिनरंगी स्क्रीन म्हणजे तेवढ्याच अल्फाचा पांढरा.