मीठ चढलं नाही ती रात्र

पहाटे साडेपाचला प्रार्थना आटोपली आणि आमच्या मंडळीतल्या ज्येष्ठ बाई, क्वोन्सानीम, थेट चर्चच्या अंगणात गेल्या. टबातला एक कोबी उचलला, खालचं पांढरं जाड पान मधोमध वाकवलं. कट्‌! पान मोडलं. बारा तास मिठात राहूनही कोबी कच्चाच होता. टॉर्चच्या उजेडात पाहिलं, तर भिंतीकडच्या टबांत पाण्यावर बर्फाची पापडी धरली होती.

डिसेंबरचा पहिला शनिवार, कोरियाच्या दक्षिणेकडचं जोन्जू शहर. सेवाकार्यासाठी इथल्या प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत राहायचं म्हणजे वर्षातला हा दिवस चुकवता येत नाही. किमजांग, म्हणजे हिवाळाभर पुरेल एवढी किमची, कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं, एकत्र बसून घालणं. युनेस्कोने २०१३ मध्ये ही प्रथा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, आणि त्या नोंदीत किमची घालण्याइतकाच ती वाटण्यालाही मान आहे. आमच्या चर्चची किमची एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाते. क्वोन्सा हे मंडळीतल्या ज्येष्ठ, अनुभवी स्त्रियांना दिलेलं पद, आणि ‘नीम’ म्हणजे आपलं ‘बाई’ किंवा ‘साहेब’. त्या दिवशी पाळकसाहेबसुद्धा क्वोन्सानीमच्या शब्दाबाहेर जात नाहीत.

कोबी आदल्या दुपारीच आला होता. पेचू, लांबट चिनी कोबी, दोनशे नग, प्रत्येकी साधारण तीन किलोचा. तो कापायची एक रीत आहे. सुरी फक्त बुडख्यात थोडीशी घालायची आणि पुढे दोन्ही हातांनी फाडायचा. सुरीनेच आरपार कापला तर आतली कोवळी पिवळी पानं चुरा होऊन पाण्यात वाहून जातात. मोठ्या कोबीचे चार भाग. वर लागलेली हिरवी पानं टाकायची नाहीत, ती शेवटी झाकणासाठी लागतात.

मीठ समुद्राचं, खड्याचं, वर्षानुवर्षं पोत्यात ठेवून कडू पाणी निथळलेलं. ताजं मीठ वापरलं तर किमची कडवट लागते. वीस किलोची तीन पोती लागली. अर्धं मीठ पाण्यात, दहा लिटरला एक किलो या मापाने, आणि त्यात प्रत्येक भाग बुडवून काढायचा. उरलेलं अर्धं कोरडं, पण पानांवर नाही, पानांच्या जाड देठांमध्ये भुरभुरायचं. पान पातळ असतं, त्याला मीठ लगेच लागतं, देठाला वेळ हवा. मग कापलेली बाजू वर करून टबात रचायचं आणि मध्यरात्री उठून खालचे वर, वरचे खाली करायचे. तेही झालं होतं. चुकलं एवढंच की टब उघड्यावर राहिले आणि रात्री पारा शून्याखाली गेला. थंडीत मीठ आत शिरायला फार वेळ लागतो.

कुणीतरी म्हणालं, अजून मीठ घालू या. क्वोन्सानीमनी नकारार्थी मान हलवली. त्यांचा हिशेब बरोबर होता, आणि किमचीचं सगळं शास्त्र मला तिथे दिसलं. वरून मीठ वाढवलं की पानं खारट होतात आणि देठ कच्चेच राहतात. मग ती खारट किमची पाण्यात भिजवून गोडी करायला जावं तर चवच जाते. कमी पडला होता तो वेळ आणि ऊब. म्हणून प्रत्येक टबातलं एक बादली पाणी काढून गॅसवर कोमट केलं (हात सहज बुडेल इतकंच) आणि कडेकडेने परत ओतलं. वर पाट्या ठेवून त्यांवर पाण्याने भरलेले डबे ठेवले. टबांवर प्लॅस्टिक आणि जुन्या गोधड्या टाकल्या. भिंतीकडच्या तीन टबांत जी पानं गोठून काचेसारखी झाली होती, ती वेगळी काढली. गोठलेलं पान विरघळलं की मऊ पडतं, त्याची किमची कुरकुरीत होत नाही.

साडेदहाला देठ वाकला, मोडला नाही.

मग धुणं, तीन पाण्यांतून. आणि त्यानंतर सगळ्यात दुर्लक्ष होणारी पायरी, निथळणं. कापलेली बाजू खाली करून, टोपल्यांत, निदान तीन तास. उशीर झालेला, तीस माणसं हातमोजे घालून बसलेली, तरी क्वोन्सानीमनी एक मिनिट कमी केलं नाही. कैरीच्या लोणच्याला ओला चमचा लागला की आपल्याकडे आई जशी ओरडते, तसंच इथे पाणी राहिलं की मसाला पानावरून घसरतो, डब्यात तळाशी पाणी सुटतं आणि महिन्याभरात किमची पिचपिचीत होते.

तोवर मसाला. दहा किलो निथळलेल्या कोबीला दोन किलो मुळ्याच्या काड्या, सहाशे ग्रॅम कोचूकारू म्हणजे बिया काढलेल्या मिरचीचा जाडसर चुरा, तीनशे ग्रॅम लसूण, पन्नास ग्रॅम आलं, दोनशे ग्रॅम मिठातली बारीक कोळंबी, साडेतीनशे मिलिलिटर मुरवलेल्या मांदेलीसारख्या छोट्या माशांचा अर्क, पातीचा कांदा, मोहरीचा पाला. या भागात माशांचा अर्क सढळ हाताने घालतात. कोचूकारू रंगाला ब्याडगीसारखी लाल आणि तिखटाला सौम्य, म्हणून एवढी खपते. सगळं चिकट तांदळाच्या पातळ पेजेत कालवायचं. पेज गार हवी. गरम पेजेत मिरचीचा रंग काळवंडतो. मुळ्याला आधी नुसती मिरची चोळून ठेवली की रंग चढतो.

भरायचं ते सर्वांत बाहेरच्या पानापासून. डाव्या हातात कोबीचा भाग, उजव्या हाताने एकेक पान उलटत मसाला देठाकडे जास्त, टोकाकडे नुसता पुसल्यासारखा. शेवटी बाहेरचं लांब पान सगळ्याभोवती गुंडाळून गाठोडं बांधायचं. ही गुंडाळी शोभेची नाही. किमची आंबवणारे जिवाणू हवेशिवाय काम करतात, म्हणून आत हवा राहू द्यायची नाही. डब्यात रचताना तळहाताने दाबायचं, वरचा पाचवा हिस्सा मोकळा ठेवायचा, आणि वर ती राखलेली हिरवी पानं. डबा काठोकाठ भरला तर आंबताना सुटणाऱ्या गॅसने रस उसळून बाहेर येतो.

दहा-दहा किलोचे चाळीस डबे झाले. दुपारी चारला उकडलेलं डुकराचं मांस आणि ताज्या किमचीचं जेवण आणि लगेच गाड्या सुटल्या.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या हाल्मोनींनी, म्हणजे आजींनी, दार उघडलं तेव्हा डबा दोन्ही हातांनी दिला, चपला बाहेर काढून आत जाऊन फ्रीजजवळ ठेवला. प्रत्येक घरी तीच तीन वाक्यं सांगायची. आज खोलीतच राहू द्या, उद्या फ्रीजमध्ये. डब्याखाली ताट ठेवा. वरची पानं काढू नका. ज्यांना चावता येत नाही, त्यांच्यासाठी आठ डबे आधीच बारीक चिरून भरले होते आणि झाकणावर मार्करने तारीख होती. आजींनी हातात चार संत्री कोंबली, नको म्हणायची सोय नव्हती.

रात्री टब घासताना गोठलेल्या पानांचं काय, हे आठवलं. क्वोन्सानीमनी ती उकळून, पिळून, मुठीएवढे गोळे करून ठेवली होती. रविवारी उपासनेनंतर मंडळीच्या जेवणात त्यांचंच सूप होतं, त्वेनजांग म्हणजे सोयाबीनची आंबवलेली चटणी घालून.