जिन्याखालच्या बॅटरीचा हिशेब: आमची वाटचाल

आमचं दुकान अमळनेरात आहे. पाटीवर आज ‘सोलर, बॅटरी, मॉनिटरिंग’ असं लिहिलंय. आधी तिथेच ‘इन्व्हर्टर-बॅटरी विक्री व दुरुस्ती, मोटार रिवाइंडिंग’ होतं. या दोन पाट्यांच्या मधे काय घडलं ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. खानदेशात आता कितीतरी घरांवर पॅनल चढलेत, त्यातल्या काही घरांत जिन्याखाली लिथियमची बॅटरीही आलीय, आणि त्या बॅटरीत नेमकं काय चाललंय हे घरधन्याला दिसत नाही. ज्याने पैसे मोजले त्याला आपल्या विजेचा हिशेब आपल्या घरात, आपल्या भाषेत दिसला पाहिजे. आमचा आजचा सगळा धंदा या एका आग्रहावर उभा आहे.

सुरुवात भारनियमनाच्या काळातली. लाइट तासन्‌तास जायची आणि घरोघरी इन्व्हर्टर बसत होते. ट्युब्युलर बॅटरी विकायची, उन्हाळ्याच्या तोंडावर घरोघर फिरून डिस्टिल्ड वॉटर टाकायचं, जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या, असं काम होतं. त्या बॅटरीची एक गोष्ट मला आजही आवडते: झाकण उघडून हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडचा दाटपणा मोजायची नळी, बुडवली की ती खरं सांगते. ॲसिडची ग्रॅव्हिटी १.२४०च्या वर असली की भरलेली, १.१५०च्या खाली गेली की रिकामी. बॅटरीतल्या सहा सेलपैकी एकात ग्रॅव्हिटी कमी दिसली की तोच सेल गेलाय हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दाखवता यायचं, आणि मग त्याला आमचा शब्द मानायची गरजच उरायची नाही.

सोलर म्हणजे तेव्हा सरकारी प्रकल्प, अशीच आमच्याकडची समजूत होती. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला, तो आम्ही कौतुकाने बघितला. घराच्या गच्चीवर सोलर आलं ते नेट मीटरमुळे, म्हणजे ग्रिडला दिलेली जास्तीची वीज बिलातून वजा करणाऱ्या मीटरमुळे. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान. मग चौकशा वाढल्या.

आणि पाठोपाठ एक तक्रारही. “भाऊ, गच्चीवर एवढं सोलर, आणि लाइट गेली की घरात अंधार कसा?” साधा ग्रिडचा इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःहून बंद होतो, आणि ते तसंच हवं. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या तारेत आपल्या गच्चीवरची वीज जाईल. लाइट गेल्यावरही घर चालू ठेवायचं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. अनुदान बॅटरीला नाही, त्यामुळे तो खर्च पूर्ण खिशातून. तरीही लोकांनी बॅटऱ्या घेतल्या, कारण मे महिन्यात अमळनेर-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांवर गेला की रात्री कूलर बंद पडणं म्हणजे लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांचे हाल.

लिथियमची बॅटरी मात्र बंद डबा. झाकण नाही, पाणी नाही, हायड्रोमीटर कुठे बुडवणार? घरात जी येते ती बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट, ३.२ व्होल्टचे सोळा सेल, मिळून ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास. म्हणजे ५.१२ युनिट. १८० वॉटचा कूलर रात्रभर दहा तास चालला तर १.८ युनिट, त्यात पंखे आणि फ्रीज धरले तरी रात्र निघते. कागदावर हा हिशेब बसतो. पण रात्री दोन वाजता फोन यायचा, “बॅटरी गेली!” आणि सकाळी आम्ही पोचेपर्यंत ऊन पडून बॅटरी पुन्हा भरायला लागलेली असायची. काय झालं ते सांगायला पुरावा नसायचा.

कंपनीच्या ॲपवर भिस्त ठेवावी तर तिथेही अडचण. इन्व्हर्टरचा डोंगल माहिती दूरच्या सर्व्हरला पाठवतो, तीही काही मिनिटांच्या अंतराने. दहा सेकंदांत मोटारीने खेचलेला करंट त्यात दिसतच नाही. शिवाय आमच्या भागात लाइट गेली की बऱ्याचदा नेटही जातं. ज्या वेळी माहिती हवी, नेमकी त्याच वेळी ती नाही. तेव्हा ठरवलं की माहिती घरातल्या घरातच गोळा करायची. नेट असलं तर मोबाइलवर बाहेरूनही बघा, नसलं तरी घरातल्या पडद्यावर सगळं चालू राहिलं पाहिजे.

१९४५ मध्ये अमळनेरातल्या तेलाच्या गिरणीतून विप्रो उभी राहिली, हे गावातलं पोर शाळेत असतानाच ऐकतं. त्यामुळे असलं काम पुण्या-बेंगळुरूतच होतं असं आम्हाला कधी वाटलं नाही. माझा भाचा इंजिनिअरिंगला होता, त्याला हाताशी घेतलं. होम असिस्टंट नावाचं मुक्त सॉफ्टवेअर २०१३ पासून आहे. तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर ते चालतं, आणि घरातले दिवे, पंप, मीटर, बॅटरी सगळं एका पडद्यावर आणतं. बॅटरीशी बोलायला ईएसपी-३२ची छोटी चिप, तिच्यापुढे आरएस-४८५चा, म्हणजे दोन तारांवरून यंत्रांना बोलू देणाऱ्या जोडणीचा कन्व्हर्टर, आणि माहिती आत नेऊन पोचवायला एमक्यूटीटी ही निरोप पाठवायची पद्धत. मेमरी कार्ड सततच्या लिहिण्याने खराब होतात, म्हणून आम्ही एसएसडीच लावतो. आणि हा कॉम्प्युटर व राउटर बॅटरीच्याच लाइनवर ठेवतो, नाहीतर लाइट जाताच तोही झोपतो.

या कामात वायरीच्या दोन टोकांना जास्त जपावं लागतं. बॅटरीवरचं सॉकेट दिसायला लॅनच्या सॉकेटसारखंच, पण आतल्या पिना वेगळ्या, आणि प्रत्येक बनावटीच्या वेगळ्या. ती केबल राउटरमध्ये खोचायची नाही. आरएस-४८५च्या दोन तारांपैकी एक कंपनी जिला ‘ए’ म्हणते तिला दुसरी ‘बी’ म्हणते. उत्तर येत नसेल तर दोन तारा उलट करून बघायच्या, त्याने काही जळत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मॉडबसच्या (या तारांवर यंत्रं ज्या प्रश्नोत्तरांच्या पद्धतीने बोलतात तिच्या) एका लाइनवर विचारणारा एकच असावा. इन्व्हर्टर आधीच त्या तारेवर बॅटरीला प्रश्न विचारत असेल आणि आपणही त्यातच घुसलो, तर दोघांची उत्तरं एकमेकांत मिसळतात, इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी हरवली आणि तो चार्जिंग थांबवतो. अशा ठिकाणी आम्ही बॅटरीला हात लावत नाही, इन्व्हर्टरच्या वेगळ्या पोर्टवरून माहिती घेतो. बाजारात जोडून देणारे बरेच आहेत, पण हा नियम पाळणारे कमी.

पारोळ्याच्या एका निवृत्त गुरुजींच्या घरची गोष्ट सांगतो. दिवसा बॅटरीचा करंट ठीक दिसायचा, सूर्य मावळला की पडद्यावर ६५४८.६ अँपिअर! गुरुजी घाबरले. “अहो, एवढ्यात तर आमची गल्ली पेटेल,” म्हणाले. झालं होतं असं की बॅटरी दिवसा भरते तेव्हा करंट ‘अधिक’ चिन्हाचा असतो, रात्री वापरतो तेव्हा ‘उणे’ चिन्हाचा. यंत्र तो आकडा सोळा बिटांत पाठवतं, ० ते ६५,५३५ यांत. उणे आकडा वरच्या टोकाकडून मोजायचा असतो, हे वाचणाऱ्या यंत्राला सांगावं लागतं. ६५,४८६ आलं तर ते ६५,५३६पेक्षा ५० ने कमी, म्हणजे उणे ५०, दहाने भागलं की उणे ५.० अँपिअर. भाच्याने सेटिंगमधला एक शब्द बदलला आणि आकडा जागेवर आला. गुरुजींनी तो हिशेब वहीत उतरवून घेतला, आणि आता कॉलनीतल्या लोकांना तेच समजावून सांगतात.

पडद्यावर काय दाखवायचं, यावर आमच्या दुकानात खूप वाद झाला. पोरांना तीस आलेख हवे होते. पण घरातल्या माणसाचा प्रश्न वेगळाच. एक आप्पा सरळ म्हणाले, “भाऊ, बॅटरी भरनी का नही, इतलंच सांग.” त्यांचं बरोबर होतं. म्हणून पहिल्या पडद्यावर तीनच गोष्टी, मराठीत, मोठ्या अक्षरात: बॅटरी किती भरली, आत्ता किती खर्च होतोय, आणि असाच खर्च राहिला तर किती तास पुरेल. बाकी सगळं मागच्या पानावर, आमच्यासाठी.

‘किती भरली’ हा आकडा मात्र वाटतो तेवढा सोपा नाही. या सेलचं व्होल्टेज वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत जवळपास सारखंच राहतं. व्होल्टेज बघून अंदाज बांधणारा फसतो. म्हणून आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, किती करंट आत गेला, किती बाहेर आला याची बेरीज-वजाबाकी करत राहतं. त्यात होणारी बारीक चूक रोज साठते आणि बॅटरी पूर्ण भरली की मगच शून्यावर येते. पावसाळ्यात आठ-आठ दिवस आभाळ असलं तर बॅटरी पूर्ण भरतच नाही, पडदा चाळीस टक्के म्हणतो आणि प्रत्यक्षात पंधराच असतात. रात्री दोनच्या त्या फोनांमागे बऱ्याच वेळा हेच निघालं. आता पूर्ण चार्ज होऊन बरेच दिवस झाले की पडद्यावर सूचना येते, आणि त्या दिवशी महावितरणच्या लाइनवरून बॅटरी काठोकाठ भरून घ्यायची.

बॅटरी कमी पडण्याचं दुसरं कारण उष्णता. पॅनलचं तापमान मे महिन्यात ६५ अंशांपर्यंत जातं. २५च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तरी १४ टक्के वीज तिथेच कमी. ते आपल्या हातात नाही. बॅटरीची जागा मात्र आपल्या हातात आहे. काही घरांत ती गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेली आढळते. दुपारी त्या खोलीत हात लावला तर भिंत भाजते. बॅटरीचं तापमान कंपनीने ठरवलेल्या मर्यादेवर गेलं की बीएमएस चार्जिंग तोडतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं ऊन एवढं कडक, मग बॅटरी का भरत नाही? आलेखात तापमानाची रेघ चढताना आणि त्याच मिनिटाला चार्जिंगची रेघ शून्यावर पडताना दाखवली की वाद मिटतो. आम्ही बॅटरी खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला किंवा जिन्याखाली, हवा खेळती ठेवून लावतो. जुन्या धाब्याच्या घरांत तर आतल्या खोल्या इतक्या गार असतात की बॅटरीला त्याहून चांगली जागा नाही.

मॉनिटरिंगवर माझा विश्वास पक्का बसला तो मात्र चोपड्याच्या एका घरी. तिथे बॅटरीचं बीएमएस ५१.८ व्होल्ट सांगत होतं आणि इन्व्हर्टर ५०.६. लोड नसताना दोन्ही आकडे सारखे, इस्त्री आणि मोटार एकदम चालू झाली, करंट ६० अँपिअरवर गेला की मधे १.२ व्होल्टचा फरक. १.२ गुणिले ६० म्हणजे ७२ वॉट, आणि ते बॅटरी व इन्व्हर्टरमधल्या हातभर केबलमध्ये कुठेतरी जळत होते. एमसीबी पाडून, बॅटरी बंद करून केबल सोडवली. एका टोकाचा लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा, नीट क्रिंप झालेला (दाबून घट्ट बसवलेला) नव्हता, पक्कडीने नुसता चेपलेला. बाहेरचं इन्सुलेशन तपकिरी पडून कडक झालं होतं. हायड्रॉलिक क्रिंपरने नवा लग दाबला, टॉर्क रेंचने बोल्ट आवळला, आणि तोच लोड देऊन बघितला तेव्हा फरक जवळपास नाहीसा झाला. त्या घरात दोन लहान मुली आहेत. त्या दिवसापासून हे दोन आकडे एकत्र ठेवून त्यांच्या फरकावर अलार्म लावल्याशिवाय आम्ही एकही जोडणी पूर्ण धरत नाही.

बॅटरी दिसायला लागली की माणसं वापर आपोआप बदलतात. नळाला पाणी येतं तेव्हा टाकी भरायची मोटार लगेच लावावी लागते, तिला पर्याय नाही. पण वॉशिंग मशीन, मिक्सर, बोअरची मोटार दुपारी बारा ते तीनमध्ये चालवली तर ती थेट उन्हावर चालते, बॅटरीला तोशीस नाही. बोअरची मोटार आम्ही आपोआप चालू करून देतो: बॅटरी ९० टक्क्यांवर आणि पॅनलची वीज शिल्लक, असं दोन्ही असेल तरच. मात्र त्यासाठी स्मार्ट प्लग चालत नाही. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते, प्लगचे कॉन्टॅक्ट चिकटतात. मधे कॉन्टॅक्टर (मोठा करंट झेलणारा स्विच) आणि ओव्हरलोड रिले हवाच. इन्व्हर्टरच्या सेटिंग सॉफ्टवेअरमधून बदलायला आम्ही सहसा नकार देतो, फक्त वाचतो. संरक्षणाचं काम फ्यूज, एमसीबी, बीएमएस आणि अर्थिंग यांचंच. उद्या कॉम्प्युटर बंद पडला तरी घर सुरक्षित राहिलं पाहिजे.

सगळ्यांनीच बॅटरी घ्यावी असं मी म्हणत नाही. शहरात लाइट क्वचित जात असेल आणि नेट मीटर असेल तर ग्रिडच तुमची बॅटरी आहे, पैसे वाचवा. हे सांगितल्याने काही विक्री हातची गेली, पण त्याच लोकांनी पुढे आपले पाहुणे आमच्याकडे पाठवले. खेड्यात, जिथे वादळ-वाऱ्यात फीडर रात्र-रात्र बंद राहतो, किंवा घरात ऑक्सिजनच्या मशीनवर कुणी आहे, तिथे बॅटरी आणि तिच्यावर नजर दोन्ही हवं.

आता आयटीआय झालेली दोन मुलं आमच्याकडे कायम आहेत. जोडणी झाल्यावर ती घरच्यांना एक फाइल देतात: वायरिंगचा हाताने काढलेला नकाशा, कुठल्या पिनेला कुठली तार, यंत्रातल्या कुठल्या रजिस्टरमध्ये (आकडा ठेवायच्या कप्प्यात) कुठला आकडा, आणि सगळे पासवर्ड. उद्या आमच्याऐवजी दुसऱ्या कुणाला बोलावलं तरी त्याचं काम अडू नये म्हणून. यंदा फाइलमध्ये एक पान वाढवलंय, घरातल्या बाईमाणसांसाठी आणि आजी-आजोबांसाठी: अलार्म वाजला तर कुठला एमसीबी आधी पाडायचा, फोटोसकट. ते पान अहिराणीतही लिहायला घेतलंय, आणि ते नीट उतरलंय की नाही हे तपासायला त्या आप्पांनाच बसवलंय.