सिपानच्या राजाचे सोनार

पेरूला जाणारे बहुतेक जण माचू पिचू पाहून परततात. आम्ही उत्तरेला चिक्लायो गाठलं आणि तिथून खचाखच भरलेल्या व्हॅनने लांबायेके. तिथल्या संग्रहालयात बघायचे होते सिपानच्या राजाचे दागिने.

हा राजा इथल्या उत्तर किनाऱ्यावरच्या मोचे लोकांचा, म्हणजे माचू पिचू बांधणाऱ्या इंकांच्याही हजारेक वर्षं आधीचा. १९८७ साली सिपान गावातल्या एका थडग्यावर चोरांनी हात मारला. लुटीची खबर वॉल्टर अल्वा या पुरातत्त्वज्ञांपर्यंत पोहोचली, त्यांनी खोदकाम हाती घेतलं आणि राजाचं थडगं शाबूत सापडलं.

संग्रहालयाच्या दारातच मोबाइल काढून घेतले. बरंच झालं, नुसतं बघत राहता आलं. सोन्याच्या दहा आणि चांदीच्या दहा भुईमुगाच्या शेंगांची एक माळ आहे. सोनं राजाच्या उजव्या अंगाला, चांदी डाव्या. टरफलावरची जाळीसुद्धा चुकलेली नाही. (आपण रोज खातो तो भुईमूग मूळचा याच खंडातला!)

मी खिळले ती मात्र कर्णभूषणांपाशी. तळहातात मावेल एवढी सोन्याची चकती, मधोमध अंगठ्याएवढा योद्धा. त्याची नाकातली चकती हलते, हातातली गदा काढून ठेवता येते, आणि गळ्यात घुबडाच्या मुंडक्यांची माळ! ते मणी काचेला नाक लावूनही धड दिसत नाहीत. राजासमोर उभ्या असलेल्या प्रजेला काय दिसणार कप्पाळ? एवढी बारकाई दिसणार ती घडवणाऱ्याला, नाहीतर घालणाऱ्याला.

बरं, सगळंच भरीव सोनं नाही. तांब्याच्या पत्र्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर चढवायची विद्या मोचे कारागिरांकडे होती, तीही विजेशिवाय. क्षारांच्या द्रावणात सोनं विरघळवून हे साधतं, असं प्राचीन धातुकामाच्या अभ्यासक हेदर लेक्टमन यांनी प्रयोगशाळेत करून दाखवलं. दुसरी युक्ती मला जास्त आवडली: सोन्यात तांबं मिसळायचं, पत्रा ठोकायचा, तापवायचा आणि वर आलेलं काळं तांबं धुऊन काढायचं. असं करत गेलं की पृष्ठभागावर सोनंच उरतं. फलकांवर राजाचं कौतुक ठायी ठायी. माझ्या मते खरा मान या हातांचा.

त्यांची किंमत इंकांना कळली होती. १४७०च्या सुमारास त्यांनी याच किनाऱ्यावरचं चिमूंचं राज्य जिंकलं, तेव्हा सोन्याबरोबर सोनारही उचलून आपल्या राजधानीत, कुस्कोला नेले. तिथलं बहुतेक सोनं पुढे स्पॅनिशांनी वितळवलं. तेव्हा अँडीजमधलं सोनारकाम बघायचं तर उत्तरेलाच या. फक्त सोमवारी नको, संग्रहालय बंद असतं.