बालाघाटाच्या माळावर मुरमाच्या वाटेने: बीडहून एका दिवसाची हिवाळी भटकंती

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मी, पत्नी, अडुसष्ट वर्षांची आई आणि महाविद्यालयात शिकणारा भाचा असे चौघे सकाळी सात वाजता बीडहून निघालो. डांबरी रस्ता सोडून बालाघाटाच्या माथ्यावरच्या कच्च्या वाटांनी फिरायचे, दुपारी एखाद्या झाडाखाली जेवायचे आणि दिवेलागणीला घरी परतायचे, एवढाच बेत होता. गाडी चारही चाकांना जोर देणारी नव्हती. जमिनीपासून जरा उंच असलेली, आठ वर्षे वापरलेली साधी घरगुती गाडी होती. वाट सोपी आहे की नाही हे ठरवण्याचे आमचे माप एकच होते, ते म्हणजे मागे बसलेल्या आईच्या कंबरेला हिसका बसता कामा नये.

अशा भटकंतीसाठी आपल्याकडे वाट निवडायची असेल तर आधी माती पाहावी, देखावा नंतर. नदीकाठच्या काळ्या रानातल्या पाणंदी दिसायला सपाट असतात, पण ती माती पाणी पिऊन फुगते, चाकाला थरावर थर चिकटतात आणि गाडी जागच्या जागी फिरू लागते. पुढे ती वाळली की बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होऊन बसतात आणि खाली पोट असलेली गाडी त्यांच्यामधल्या उंचवट्यावर टेकते. माथ्यावरच्या माळाचे तसे नाही. तिथे बसाल्टची झीज होऊन तयार झालेला मुरूम असतो, त्यातून पाणी झटकन निघून जाते आणि थंडीत वाट कोरडी, घट्ट आणि बऱ्यापैकी एकसारखी राहते. त्यामुळे अवकाळी पाऊस पडून गेला असेल तर काळ्या रानात पुढचे तीन-चार दिवस गाडी घालूच नये. मुरमाड माळावर मात्र एक चांगले ऊन पडले तरी काम भागते.

सोलापूरच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग ५२ ने निघाले की मांजरसुंब्याच्या घाटात गाडी बालाघाटावर चढते. जवळच कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेची गर्दी ओसरलेली असल्यामुळे दर्शन पंधरा मिनिटांत झाले. धबधब्याची मात्र एक बारीक धार उरली होती. तिथून परत फिरून आम्ही मांजरसुंब्यावरून पाटोद्याचा रस्ता धरला. लिंबागणेश मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना उघडा माळ सुरू होतो. पाने गळालेली सीताफळाची झुडपे, पिवळे पडलेले कुसळी गवत, मधूनच हिरवागार शाळू आणि क्षितिजावर ओळीने उभ्या असलेल्या पवनचक्क्या, असा तो देखावा आहे. सह्याद्रीची कडेकपार ज्यांच्या डोळ्यांत बसली आहे त्यांना तो कदाचित रुक्ष वाटेल. मला त्यातले मोकळेपणच आवडते.

या पवनचक्क्यांनीच आमचे काम सोपे केले. त्यांची पाती आणि खांबांचे तुकडे लांबलचक वाहनांवरून माथ्यावर न्यावे लागतात, म्हणून त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा रुंद, मुरूम टाकून दाबलेल्या आणि हलक्या चढाच्या असतात. एका वाटेच्या तोंडाशी बसलेल्या रखवालदाराला विचारले, तेव्हा खांबाजवळ न जाण्याच्या अटीवर त्याने जाऊ दिले. तासाभरात फार तर आठ किलोमीटर झाले असतील, पण दुसऱ्या गिअरवर, काचा खाली करून, उन्हाची ऊब घेत गेलेला तो तास दिवसातला सर्वांत निवांत होता. अशा वाटा खासगी असू शकतात, तेव्हा विचारल्याशिवाय आत शिरू नये आणि यंत्रांचे काम चालू दिसले तर मुकाट्याने माघारी फिरावे.

पुढची चूक माझी. मोबाइलच्या नकाशात एक बारीक रेघ थेट पलीकडच्या गावाला जाताना दिसली आणि भाच्याच्या आग्रहाला बळी पडून मी तिकडे वळलो. अर्ध्या किलोमीटरवर शेळ्या राखणारे एक आजोबा भेटले. ते म्हणाले, "तिकडं जाऊ नगा, म्होरं वघळ हाय. गाडी बसंल." तरीही थोडे पुढे जाऊन पाहिले, तर वाट खरोखरच पुरुषभर खोल ओघळीत उतरत होती. नकाशातली रेघ ही पायवाट आहे, ओढा आहे की बांध, हे नकाशा सांगत नाही. राखोळी करणारा माणूस सांगतो. मात्र या भागात थंडीत माणूस भेटणे हेही सोपे नसते. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अनेक घरांना कुलूप असते आणि वाट विचारायला म्हातारी माणसे तेवढी मागे असतात, त्यांना घाई न करता विचारावे.

माघारी वळण्यासाठी गाडी बोराटीच्या झुडपांत घातली आणि मागचे डावे चाक हळूहळू बसू लागले. चाकात रुतलेला काटा मी तिथेच उपटला, हा दुसरा गाढवपणा, कारण ट्यूब नसलेल्या टायरमध्ये काटाच बूच होऊन हवा धरून ठेवतो आणि गावापर्यंत पोहोचू देतो. त्याहून वाईट म्हणजे स्टेपनीत हवा जेमतेम निम्मी होती. बॅटरीवर चालणारा छोटा पंप सोबत होता म्हणून निभावले. निघण्याच्या आदल्या दिवशी स्टेपनीतली हवा तपासावी आणि जॅकखाली ठेवायला एक जाड फळी घ्यावी, कारण मुरमात जॅक खचतो.

याच पट्ट्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे. सुमारे तीस चौरस किलोमीटरचे हे जंगल १९९४ पासून अभयारण्य आहे आणि तिथे मनाला येईल त्या वाटेने गाडी घालणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो. आम्ही आत गेलो नाही. बाहेरच्या रस्त्याकडेच्या शेतांतच अकरा मोर-लांडोरी दिसल्या. पावसाळा सरला की मोराचा पिसारा झडतो आणि डिसेंबरात तो अर्धवटच वाढलेला असतो, हे लहान मुलांना आधीच सांगून ठेवावे.

दुपारी ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात हुरडा झाला. गोवऱ्यांची आगटी, तळहातावर चोळून पाखडलेला गरम हुरडा, तिळाची चटणी आणि गूळ. आईला घाई नव्हती आणि आम्हालाही, त्यामुळे तिथे दोन तास गेले. तिकडे जाताना पिकाला पाणी देण्यासाठी वाटेवर आडवे टाकलेले प्लॅस्टिकचे पाइप लागले. ते चाकाखाली फुटले तर शेतकऱ्याचे पाणी त्या दिवसापुरते बंद पडते. म्हणून खाली उतरून पाइपच्या दोन्ही अंगांना माती-दगड लावावेत, मगच गाडी काढावी, किंवा शेतकऱ्याला हाक मारावी. तसेच वाळक्या गवतावर गाडी कधीच उभी करू नये. लांबच्या चढानंतर सायलेन्सर इतका तापलेला असतो की त्याला टेकलेले कुसळी गवत पेट घेऊ शकते आणि वारा असला तर माळच्या माळ जळून जाईल.

सौताड्याला पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. विंचरणा नदी इथे कड्यावरून खाली झेपावते आणि दरीत रामेश्वराचे मंदिर आहे. पाणी पाहायचे असेल तर पावसाळा संपता संपता यावे. डिसेंबरात पाण्यापेक्षा दरीतली सावली आणि गारवा सुखावतो. आई वरच थांबली, ते बरेच झाले, कारण उतरणे सोपे असले तरी वर येताना माझीच दमछाक झाली.

या दिवसांत सहाच्या आधीच सूर्य मावळतो, तेव्हा कच्ची वाट पाचच्या आत सोडावी. अंधारात खरी भीती वाटेची नसून उसाने भरलेल्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची असते. त्यांतल्या बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि समोरून येणाऱ्या वाहनाचा झोत डोळ्यांवर असताना त्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. आम्ही चाळीसच्या वर गेलो नाही. मांजरसुंब्याला थांबून रबडी खाल्ली आणि आठच्या सुमारास घरी पोहोचलो. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आसपास झाले, त्यांतले कच्च्या वाटेचे वीस-बावीसच असतील. दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याने चारही चाके फिरवून पाहिली, तेव्हा त्यांत बोराटीचे आणखी तीन काटे निघाले.