ऋण सोडले म्हणजे काय झाले?

आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, तो एका दमात म्हणून दाखवील. परिपाठात राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञेच्या जोडीला ती रोज असायची. हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती, सगळी पोरे एका सुरात म्हणायची. ती पाठ सगळ्यांची होती, अर्थापर्यंत मात्र फार थोडे गेले. गुरुजनांच्या आणि स्नेहसंमेलनांच्या आठवणी या स्मरणिकेत इतर मंडळी लिहितीलच. मी त्या प्रार्थनेतली एकच ओळ घेतो. क्षमा, विश्वास आणि मरणानंतरचे जीवन या तिन्ही गोष्टींकडे जाणारी वाट तिथून निघते.

ओळ अशी : ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’

मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, इथे ‘ऋण’ आहे. दुसरा चरित्रकार लूक याने हीच प्रार्थना दिली, त्यात ‘पापे’ आहेत. हा गोंधळ नाही. येशू ज्या अरामी भाषेत बोलत होता, तिच्यात कर्ज आणि पाप या दोन्हींना एकच शब्द चालतो. पाप म्हणजे कुणाचे तरी देणे थकवणे, ही कल्पना त्या भाषेतच मुरलेली होती. आणि मराठवाड्यातल्या माणसाला कर्ज काय असते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून कर्जमाफीचेच उदाहरण घेऊ. २००८, २०१७ आणि २०१९ साली शेतकऱ्यांच्या कर्जमाफीच्या योजना आल्या. त्यात कर्ज हवेत विरले का? नाही. बँकेचे पैसे सरकारने तिजोरीतून भरले, तेव्हा शेतकऱ्याचे खाते मोकळे झाले. देणे कधीच आपोआप नाहीसे होत नाही, ते कुणाच्या तरी अंगावर पडते. घेणाऱ्याने फेडले नाही तर देणाऱ्याने सोसायचे, नाहीतर तिसऱ्याने भरायचे. ख्रिस्ती माणूस वधस्तंभाकडे पाहतो तो असा. देवाने ‘जाऊ द्या, काही झाले नाही’ म्हटलेले नाही. ज्याचे येणे होते त्यानेच ते स्वतःच्या अंगावर घेतले. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, आपल्याविरुद्धचा हस्तलेख ख्रिस्ताने खोडला आणि वधस्तंभाला खिळून रद्द केला. हस्तलेख म्हणजे ऋणकोने स्वतःच्या हाताने लिहून दिलेले कर्जखत. बँकेचा बेबाकी दाखला तलाठ्याकडे गेला, फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरला की माणूस कसा श्वास सोडतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला पौलाचे हे वाक्य कळायला पंडिताची गरज नाही.

आता त्या ओळीचा पहिला अर्धा भाग, ‘जसे आम्ही सोडले आहे’. इथेच बहुतेकांचा पाय अडतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, भावाला कितीदा क्षमा करू, सात वेळा? उत्तर येते, साताच्या सत्तर वेळा. म्हणजे ४९० पर्यंत मोजून पुढे बदला घ्यायचा, असे नव्हे. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, लामेख नावाचा माणूस सत्त्याहत्तर पट सूड घेण्याची बढाई मारतो. येशूच्या उत्तराचे ग्रीक शब्द ‘सत्त्याहत्तर वेळा’ असेही वाचता येतात, म्हणून येशूने तोच आकडा उलटा फिरवला असे अभ्यासक मानतात.

लगेच पुढे येशूने सांगितलेला दाखला, म्हणजे बोधकथा, आहे. एका चाकराकडे राजाचे दहा हजार तालांत येणे होते. तालांत हे चांदीचे वजन, एका तालांतात सुमारे सहा हजार दिनार. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एकूण झाली सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर फेडायला दोन लाख वर्षे! राजाने ते सगळे सोडले. तोच चाकर बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याची नरडी धरतो. शंभर दिनारही काही थोडके नव्हेत, तीन-साडेतीन महिन्यांची मजुरी आहे. आपल्याला झालेली इजा खरी असते, हे येशू नाकारत नाही. तो फक्त सहा लाख पटींचा फरक समोर ठेवतो. आपण क्षमा केली म्हणून देव क्षमा करतो, असा हा सौदा नाही. दोन लाख वर्षांचे देणे सुटले आहे हे ज्याला उमगले, त्याच्या हाताची मूठ सैल होतेच. ती झाली नाही तर उमगलेच नाही असे समजावे.

याच ठिकाणी मोठ्या चुका होतात आणि त्या मंडळीतही, म्हणजे चर्चमध्येही, होतात, म्हणून स्पष्ट लिहितो. क्षमा म्हणजे अन्यायाला अन्याय न म्हणणे नव्हे. लूक १७:३ मध्ये क्रम दिला आहे : भावाने अपराध केला तर त्याचा दोष दाखव, त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. क्षमा आणि समेट यांतही फरक आहे. मनातला सूड सोडणे एकट्याला जमते, नाते पुन्हा जुळायला दोघे लागतात आणि दुसऱ्याच्या वागण्यात बदल लागतो. मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर आणि परत नांदायला जा’ असे शास्त्राच्या नावाने सांगणे हा शास्त्राचा गैरवापर आहे. भरपाईही टळत नाही. जकातदार जक्कय म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला नाडले त्याला चौपट परत करतो. हे त्याने येशू त्याच्या घरी आल्यावर म्हटले, त्याआधी नाही. आधी स्वीकार, मग भरपाई. बापाची संपत्ती उडवून परतणाऱ्या उधळ्या पुत्राच्या येशूने सांगितलेल्या गोष्टीतही हेच. ‘मला आपल्या एका मोलकऱ्यासारखे ठेवा’ हे वाक्य तो डुकरे चारताना ठरवून ठेवतो. घरी आल्यावर बोलायला लागतो, पण बाप त्याला त्या वाक्यापर्यंत पोचूच देत नाही. मध्येच झगा, अंगठी आणि जोडे मागवतो. सालगडी म्हणून राहायला आलेला पोरगा पोरगाच राहतो.

मग विश्वास कशाला हवा? बेबाकी दाखला मिळाला तरी तो हातात घ्यावा लागतो, इतकेच. इफिसकरांस पत्रात म्हटले आहे की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे आहे, ते देवाचे दान आहे, कर्मांचे फळ नव्हे. जुने शिक्षक विश्वासाचे तीन भाग सांगत : माहिती, मान्यता आणि भरवसा. पहिल्या दोहोंवर थांबणाऱ्यांना याकोबाचे पत्र दुसऱ्या अध्यायात सुनावते की भुतेही तसा विश्वास धरतात आणि थरथर कापतात. तिसरा भाग आला की वागणे बदलते. क्रियेवाचून विश्वास निर्जीव आहे, असे तोच अध्याय सांगतो.

विश्वास किती असावा, याची धास्ती मात्र कुणी घेऊ नये. मोहरीच्या दाण्याएवढा पुरे, असे येशूच म्हणाला. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप ओरडतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. त्या अर्धवट विश्वासावर मुलगा बरा होतो. पेशंट बरा झाला नाही की ‘तुमचा विश्वास कमी पडला’ म्हणणारे या बापाला विसरतात.

ज्यांनी ख्रिस्ताचे नावच ऐकले नाही त्यांचे काय, हा वर्गात हमखास येणारा प्रश्न. यावर सगळ्या ख्रिस्ती लोकांचे एक उत्तर नाही. तारण ख्रिस्ताद्वारेच, यावर एकमत आहे. पण स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही आणि जे सद्सद्विवेकाने जगले, त्यांनाही तारण मिळू शकते असे कॅथलिक मंडळीने १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मांडले. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या इतके पुढे जात नाहीत.

मरणानंतरच्या जीवनाबद्दल आपल्याकडे सर्वात जास्त गैरसमज आहे. पुनर्जन्माचा फेरा ख्रिस्ती शिकवणीत नाही. माणसाला एकदाच मरण आणि मग न्याय, असे इब्रीकरांस पत्र सांगते. पण आत्मा सुटला, वर ढगांत गेला, संपले, असेही ती शिकवण म्हणत नाही. तिचा भर देहाच्या पुनरुत्थानावर आहे. वधस्तंभावरच्या चोराला ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असे वचन मिळते, हा मधला टप्पा. शेवट त्यापुढे आहे, प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात नवे आकाश आणि नवी पृथ्वी. तिथे माणसे वर जात नाहीत, नगरी खाली उतरते आणि देव डोळ्यांतले अश्रू पुसतो. मधल्या टप्प्यात शुद्धीची अवस्था असते असे कॅथलिक मानतात, प्रॉटेस्टंट मानत नाहीत. नरकाबद्दल येशू स्वतः कठोर बोलला आहे, ते पुसून टाकता येत नाही.

उठलेला देह कसा? पौल करिंथकरांना पेरणीचे उदाहरण देतो : पेरता तो नुसता दाणा असतो, उगवणारे अंग देव देतो. शाळूचा दाणा तळहातावर घेऊन पाहा. कठीण, पांढुरका, मुक्यासारखा. त्यात धाटही दिसत नाही, कणीसही नाही. तरी उगवतो तो शाळूच, हरभरा नाही. उठलेला येशू शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो आणि थोमाला हातावरचे व्रण दाखवतो. व्रण गेले नाहीत, यावर फार थोडे लोक थांबतात. ऋण सोडल्याची ती खूण आहे.

म्हणून ख्रिस्ती दफनविधीत पाळक माती टाकताना ‘माती मातीला, राख राखेला, धूळ धुळीला’ म्हणतात, पण वाक्य तिथे तोडत नाहीत. पुढे पुनरुत्थानाच्या खात्रीच्या आशेचे शब्द येतात. प्रेषितांच्या विश्वासांगीकाराची, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या जुन्या कबुलीची, सुरुवात ‘मी विश्वास ठेवतो’ अशी आहे आणि शेवटी ओळीने येतात पापांची क्षमा, देहाचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन. क्षमा आधी आहे. कुणा जुन्या सोबत्याच्या मातीला गेलात आणि चारी बाजूंनी हे शब्द ऐकू आले, तर परिपाठातली ती ओळ आठवा. दोन्हींत बोलतात ते त्याच देण्याबद्दल.