रंग स्टीलचा, वजन पाण्याचं

सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा पार्ट उघडला की ट्रीमध्ये (बाजूच्या यादीत) ‘मटेरियल नॉट स्पेसिफाइड’ अशी एक ओळ दिसते. तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. सगळे आधी अपिअरन्सकडे, म्हणजे नुसत्या दिसण्याकडे, वळतात, ब्रश्ड स्टील ओढून पार्टवर टाकतात आणि पार्ट स्टीलचा झाला असं धरून चालतात. दिसतो तो स्टीलसारखाच. वजन मात्र पाण्याचं येतं, आणि हे अक्षरशः खरं आहे. मटेरियल दिलं नसेल तर टेम्प्लेटमधली मूळची घनता लागते, ती १००० किलो प्रति घनमीटर, म्हणजे पाण्याची.

१०० × ६० × ६ मिमीची साधी पट्टी घ्या. घनफळ ३६,००० घन मिमी. मटेरियल न देता मास प्रॉपर्टीज (वजन-घनफळ दाखवणारी खिडकी) उघडलं तर वजन ३६ ग्रॅम. ७८५० घनतेचं एमएस (माइल्ड स्टील) दिलं की २८२.६ ग्रॅम, ६०६१ अ‍ॅल्युमिनियम दिलं की ९७.२ ग्रॅम. ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमधलं वजन याच आकड्याला जोडलेलं असतं, आणि त्यावरूनच कोणी कोटेशन काढलं तर जवळजवळ आठपट फरक पडतो.

चूक पटकन लक्षात का येत नाही, याचंही कारण आहे. युनिट मिलिमीटर-ग्रॅम असेल आणि दशांश दोनच असतील, तर पाण्याची घनता ०.०० दिसते आणि अ‍ॅल्युमिनियमचीही ०.००च. स्टीलची ०.०१. म्हणून मास प्रॉपर्टीजमधल्या ऑप्शन्समध्ये जाऊन कस्टम सेटिंग्ज निवडा आणि दशांश सहा करा. कंपनीच्या टेम्प्लेटमध्येच हे करून ठेवलं तर रोजची कटकट वाचते.

मटेरियल द्यायचं ते त्याच ओळीवर राइट क्लिक करून, एडिट मटेरियलमधून. मात्र तयार लायब्ररीत आपल्याकडचे ग्रेड शोधत बसू नका. प्लेन कार्बन स्टीलची घनता तिथे ७८०० आहे, आपण आयएस २०६२ (स्ट्रक्चरल स्टीलचं भारतीय मानक) साठी ७८५० धरतो. टनाला सहा-साडेसहा किलोंचा फरक. फॅब्रिकेशनमध्ये तो चालून जाईल, पण मटेरियलचं नाव ड्रॉइंगवर चुकीचं छापलं जातं ते चालत नाही.

मूळ लायब्ररीतलं मटेरियल थेट बदलता येत नाही. जवळचा ग्रेड कॉपी करा, खाली कस्टम मटेरियल्समध्ये कॅटेगरी करून तिथे पेस्ट करा, नाव बदला आणि मग आकडे भरा. आयएस २०६२ मधल्या ई२५० ग्रेडसाठी इलॅस्टिक मॉड्युलस (ताठरपणा) २,१०,००० मेगापास्कल, पॉयसन रेशो ०.३, यील्ड २५० आणि टेन्साइल ४१० मेगापास्कल. यील्डचा २५० हा आकडा २० मिमीपेक्षा कमी जाडीसाठी आहे, जाड प्लेटला तो उतरतो.

आकडे भरण्याआधी वरचा युनिट्सचा रकाना बघा, नाहीतर इथेच सगळं बिघडतं. तिथे न्यूटन प्रति चौरस मीटर असेल आणि तुम्ही मेगापास्कलचे २,१०,००० टाकलेत, तर स्टीलचा मॉड्युलस दहा लाख पटींनी कमी झाला. पार्ट रबरापेक्षा मऊ. सिम्युलेशन लावलं की मिलिमीटरच्या हजाराव्या भागात यायला हवं ते डिफ्लेक्शन (वाकणं) मीटरमध्ये येतं आणि माणूस मेश (गणितासाठी पार्टचे केलेले बारीक तुकडे) तपासत बसतो. लाल अक्षरांतल्या प्रॉपर्टीज अ‍ॅनालिसिसला लागतातच, निळ्या ऐच्छिक.

ही कस्टम फाइल प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी ठेवू नका. सर्व्हरवर एकच ठेवा आणि सिस्टम ऑप्शन्समधल्या फाइल लोकेशन्समध्ये मटेरियल डेटाबेस म्हणून तिचा पाथ द्या.

आता रंग. मटेरियलच्या खिडकीतल्या अपिअरन्स टॅबमध्ये, मटेरियलचं रूप पार्टला लावायचं का, असा चौकोन आहे. पावडर कोटिंगचा रंग आधीच दिला असेल तर टिक काढा. क्रॉसहॅच टॅबमधलं हॅच (कापलेल्या भागावरच्या तिरप्या रेघा) मात्र नीट निवडा, सेक्शन व्ह्यूमध्ये तेच येतं.

‘रंग बदलला पण दिसतच नाही’ ही तक्रार हमखास येते. कारण एकच: उतरंड. पार्टच्या रंगावर बॉडीचा रंग, त्यावर फीचरचा, त्यावर फेसचा. असेंब्लीत कंपोनंटला रंग दिला तर तो या सगळ्यांवर. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या स्टेप फाइलमध्ये तर गंमतच असते. रंग येतात, तेही बऱ्याचदा फेसवर चिकटून, आणि मटेरियल येत नाही. पार्टला कितीही रंग द्या, फेस जुनेच. फेसवर राइट क्लिक करून अपिअरन्सचा मेनू उघडला की फेस, फीचर, बॉडी, पार्ट अशी यादी दिसते. नको त्या पातळीसमोरची लाल फुली दाबा. पूर्ण पार्टची झाडाझडती घ्यायची तर डिस्प्ले मॅनेजरमध्ये हायरार्की क्रम लावा.

असेंब्लीत रंग देताना पार्ट डॉक्युमेंट लेव्हल की कंपोनंट लेव्हल, हे पर्याय आधी वाचा. पहिला निवडला तर तो बोल्ट जिथे जिथे वापरलाय तिथे सगळीकडे लाल होईल. एकाच पार्टचे दोन रंगांचे व्हेरिएंट हवे असतील तर डिस्प्ले स्टेट्स (दिसण्याच्या साठवलेल्या अवस्था) करा आणि त्या कॉन्फिगरेशनला (एकाच फाइलमधल्या पार्टच्या आवृत्तीला) लिंक करा. मटेरियलच वेगळं असेल, एक एमएस आणि एक एसएस ३०४, तर कॉन्फिगर मटेरियल वापरा आणि दोन्ही कॉन्फिगरेशन उघडून वजन बघा.

एक ताकीद विकत आणलेल्या वस्तूंबद्दल. मोटर किंवा गिअरबॉक्सला कॅटलॉगमधलं वजन ओव्हरराइड करून (हिशोबाच्या जागी हाताने) टाकणं योग्यच, कारण आतून ते मॉडेल पोकळ असतं किंवा भरीव ठोकळा असतो. पण आपण बनवणार त्या पार्टवर ओव्हरराइड राहिला, तर पुढे मटेरियल बदला, भोकं पाडा, वजनाचा आकडा हलत नाही. जुनी फाइल कॉपी करून नवीन पार्ट करण्याची सवय असेल तर पहिल्यांदा ओव्हरराइडचा टिक बघा.

आणि पावडर कोटिंगचा शेड. पॅनेलसाठी नेहमीचा रॅल ७०३५ (रॅल हे रंगांच्या नंबरांचं प्रमाणित तक्तं) असेल तर तो नंबर कस्टम प्रॉपर्टीत आणि ड्रॉइंगच्या नोटमध्ये अक्षरात लिहा. स्क्रीनवरचा राखाडी प्रत्येक मॉनिटरवर वेगळा दिसतो. कोटिंगवाल्याला स्क्रीनशॉट पाठवलात तर तो नंबर विचारायला फोन करेल, आणि तो अंदाजाने कोटिंग करून पाठवण्यापेक्षा फोन आलेला बरा.